बसून १३४, उभं राहून ११२

आमच्याकडे बीपीचं यंत्र जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असतं. रविवारी सकाळी बाबा आणि आत्या आळीपाळीने दंडाला पट्टा बांधतात आणि आपापल्या वहीत आकडा लिहून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी सलग तीन-चार रविवार दोघांचेही आकडे १३८/८४ च्या आसपास आले. बाबांना मधुमेह नाही, आत्याला पंधरा वर्षांपासून आहे. वह्या बघून डॉक्टरांनी बाबांना मीठ कमी करा, रोज चाला, तीन महिन्यांनी या, असं सांगितलं. आत्याला मात्र गोळी वाढवून दिली. घरी येईपर्यंत आत्या धुमसत होती. ‘आकडा तोच आहे ना? मग गोळी मलाच का?’

तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षं लागली.

आधी किडनीत काय होतं ते बघू. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अंगातलं प्रेशर वाढलं की निरोगी किडनीत आत येणारी वाहिनी आवळली जाते आणि गाळणीवर ताण येऊ देत नाही. मधुमेहात हा राखणदार ढिला पडतो. वाहिनी सैल राहते आणि बाहेरचं प्रेशर जसंच्या तसं गाळणीवर आदळतं. म्हणून बाबांच्या आणि आत्याच्या दंडात १३८ असलं, तरी त्यांच्या किडनीतल्या गाळण्यांना सोसावा लागणारा दाब सारखा असेलच असं नाही. गाळणी खराब होऊ लागली की लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन सापडलं की याच जातीची औषधं आधी देतात, त्याचं कारण हे. लघवीची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर तोंडपाठ असलेले कितीतरी लोक मला भेटतात, पण या तपासणीचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग मधुमेह असलेल्याचं प्रेशर किती खाली आणावं? १९९८ साली ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने पहिला ठोस पुरावा दिला. प्रेशर सरासरी १४४/८२ वर ठेवलेल्या गटात, सरासरी १५४/८७ वर राहिलेल्या गटापेक्षा, पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला. त्याहून खाली गेलं तर? २०१० साली ‘अकॉर्ड’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप २ मधुमेह असलेल्या ४,७३३ जणांपैकी निम्म्यांचं वरचं प्रेशर १२० च्या खाली आणि बाकीच्यांचं १४० च्या खाली ठेवायचं, अशी ती आखणी होती. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू हे सगळं एकत्र मोजलं, तेव्हा दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. २०१५ साली ‘स्प्रिंट’ आला. त्यात ९,३६१ जण होते आणि मधुमेह असलेल्यांना मुद्दाम वगळलं होतं. तिथे १२० च्या गटाला इतका फायदा दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला.

त्यातून एक विचित्र समज पसरला. मधुमेह नसलेल्याचं प्रेशर १२० पर्यंत उतरवण्यात फायदा आहे, मधुमेह असलेल्याला त्याचा उपयोग नाही! माझ्या मते हा ‘अकॉर्ड’चा चुकीचा अर्थ होता. त्याच अभ्यासात पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं होतं. मात्र घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्यामुळे एकूण फरक सिद्ध करायला लोक पुरेसे नव्हते. फरक सिद्ध झाला नाही आणि फरक नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

ही गाठ सुटायला २०२४ उजाडलं. चीनमधल्या ‘बीप्रोड’ अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेले १२,८२१ जण होते. साधारण चार वर्षांनंतर हिशोब असा निघाला: नेहमीच्या उपचारांवरच्या हजार जणांमागे वर्षाला सुमारे २१ जणांना हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा मोठा फटका बसला, तर १२० च्या गटात सुमारे १६ ते १७ जणांना. म्हणजे मधुमेह असलेल्यांनाही प्रेशर खाली आणण्याचा फायदा होता. मात्र त्या गटात प्रेशर फार उतरून त्रास होणं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढणं हेही जास्त आढळलं.

आता घरच्या टेबलाकडे येऊ, कारण ‘स्प्रिंट’मधला १२० आणि आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीतला १२० एक नाहीत. तिथे माणसाला पाच मिनिटं शांत बसवत, मग आपोआप चालणाऱ्या यंत्राने प्रेशर मोजत. आपल्याकडे जिना चढून आलेल्या माणसाच्या स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळतात आणि मोजता मोजता ‘जेवण काय घेता?’ असं विचारतात. नुसत्या बोलण्यानेही आकडा चढतो. हात लोंबकळत असेल तर चढतो, लघवी तुंबलेली असेल तर चढतो, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी चढतो. चहा झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला असावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. हे न करता गोळी वाढवणं म्हणजे वाकड्या तराजूने सोनं तोलणं.

मिठाबद्दलही एक सांगायला हवं. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमची काही जागा पोटॅशियमला दिलेली असते. निरोगी किडनीच्या माणसाला ते उपयोगी पडतं. पण टेल्मिसार्टन चालू असताना आणि किडनी अधू असताना पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. बाबांनी हौसेने आणलेलं ते पाकीट आत्याच्या ताटापासून दूर ठेवावं लागलं. दोघांनाही चाललं असतं ते पापड, फरसाण आणि त्या बरणीतलं लोणचं कमी करणं. तेच सगळ्यात जड गेलं.

गोळी वाढल्यावर महिन्याभरात आत्याला पहाटे उठताना अंधारी येऊ लागली. एकदा न्हाणीघराच्या दारात तिचा तोल गेला. जुन्या मधुमेहात प्रेशर सावरणाऱ्या नसाही कमजोर होतात. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. निरोगी शरीर क्षणात वाहिन्या आवळून ते मेंदूकडे परत ढकलतं, ते काम या नसा करतात. डॉक्टरांनी तिला आधी बसवून आणि मग उभं करून प्रेशर मोजलं: बसून १३४, उभं राहून ११२. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर तो दोष मानतात. हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, फक्त तीन मिनिटं जास्त लागतात. मधुमेह असलेल्या प्रत्येक वयस्कर माणसाचं प्रेशर असंच मोजलं जावं, असं मला कळकळीने वाटतं.

डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, दुसरीची वेळ बदलली आणि १२० चा आग्रह सोडून १३० च्या आसपास थांबायचं ठरवलं. आत्या आता पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत शंभर आकडे मोजते, मगच उठते. तिच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘बसून’ आणि ‘उभी’. बाबांच्या वहीत अजून एकच आहे.