खाटेवरचे गुरुजी
रुग्ण आणि डॉक्टरकीचे शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात, तर सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. एका खाटेभोवती पांढरे ॲप्रन घातलेली सात-आठ पोरे-पोरी उभी असतात. एक जण रुग्णाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतो, दुसरी वहीत उतरवून घेते, आणि सोबतचा नातेवाईक दाराशी कुजबुजतो, "आमच्या म्हाताऱ्यावर शिकायलेत सगळे!"

या वाक्यात राग आहे, भीती आहे आणि थोडे तथ्यही आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 चे. लातूरचे सरकारी महाविद्यालय, म्हणजे आजची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, 2002 चे. शेजारच्या अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय तर सत्तरच्या दशकातले. इथून बाहेर पडलेल्या प्रत्येक डॉक्टरने पहिल्यांदा हात ठेवला तो कुणाच्या तरी खऱ्या पोटावरच. तो कसा ठेवावा आणि कुणाला विचारून, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : विद्यार्थी आपल्यावर प्रयोग करतात.

वस्तुस्थिती : प्रयोग वेगळा, शिक्षण वेगळे. नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर 2019 चे केंद्रीय नियम लागू होतात. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. खाटेशी आलेला विद्यार्थी असले काही करत नाही. तो विचारपूस करतो, नाडी बघतो, छाती ऐकतो, पोट चाचपतो आणि जे आढळले ते सरांना सांगतो. औषध ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो.

घोळ होतो तो ॲप्रनमुळे. ॲप्रन सगळ्यांचा सारखाच, माणसे वेगळी. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा; ती मुले विद्यार्थी. शेवटची परीक्षा पास झाल्यावर वर्षभर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतो तो इंटर्न. आणि रात्री-अपरात्री केसपेपरवर औषध लिहिणारा निवासी डॉक्टर हा एमबीबीएस होऊन पुढचे शिक्षण घेणारा पूर्ण डॉक्टर असतो. "बाळा, तू कितव्या वर्षाला?" हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

गैरसमज : सरकारी दवाखान्यात नाही म्हणता येत नाही.

वस्तुस्थिती : येते. कमी पैशात उपचार मिळाले म्हणजे अंग शिकवणीला दिले, असा करार कुठेही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांकडे पाठवली. तिच्यात माहिती, संमती, गोपनीयता आणि सन्मान हे हक्क स्पष्ट लिहिले आहेत. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर हवी, हेही त्यात आहे. ऑपरेशनच्या कागदावर दिलेली सही किंवा अंगठा त्या ऑपरेशनपुरता. दहा जणांनी येऊन पोट दाबावे, याची ती परवानगी नव्हे.

फोटोचेही तसेच. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय छापायला डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. मोबाइल पुढे आला की "कशासाठी?" एवढे विचाराच.

कागदावरचे हे नियम गर्दीच्या वॉर्डात रोज पाळले जातातच, असे नाही. पडदा ओढायचा राहतो, विचारायचे राहते. पण म्हणूनच नियम माहीत असायला हवेत.

गैरसमज : आता पुतळे आणि व्हिडिओ आहेत, माणूस कशाला लागतो?

वस्तुस्थिती : पुतळे लागतातच. सुई टोचणे, छाती दाबून हृदय सुरू करणे हे आधी पुतळ्यावरच शिकावे, म्हणून महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आल्या. पण पुतळा बोलत नाही.

पुस्तकात लिहिलेले असते की हृदयाच्या रुग्णाला विचारावे, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो? हा प्रश्न मुखेड-कंधारकडच्या एखाद्या आजोबांना विचारून बघा. "पायऱ्या कुठं हो आमच्या घराला?" मग विद्यार्थ्याला प्रश्न बदलावा लागतो. रानात जाताना मधे बसावे लागते का? किती वेळा? गेल्या पेरणीला लागत होते का? रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात का? आता आजार हळूहळू उलगडायला लागतो.

मुंग्या येणे, चमक मारणे, घेरी येणे, जीव घाबरल्यावानी होणे; प्रत्येक शब्दामागे वेगळी तक्रार असते. देगलूर-बिलोलीकडचा रुग्ण तेलुगू मिसळून बोलतो, निलंगा-उदगीरकडचा कानडी, किनवटच्या तांड्यावरची आजी गोरमाटीत. ही भाषा शिकवणारा पुतळा अजून निघालेला नाही.

गैरसमज : 'स्वयंसेवक रुग्ण' म्हणजे नुसते सोंग.

वस्तुस्थिती : विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून राजीखुशीने बसतो तो स्वयंसेवक रुग्ण. सोंग घेणारे रुग्ण हा त्यातला एक प्रकार झाला, आणि तो गंभीर कामाचा आहे. 1963 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका स्त्रीला मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली. चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसणे हे तिचे काम होते. विद्यार्थी तिला तपासत आणि नंतर ती सांगे की कोण कसे वागले, कुणाचा हात जड होता. 1975 मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथून ठरावीक टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तीत असे रुग्ण पुढे सर्रास वापरले जाऊ लागले.

दुसरा प्रकार खऱ्या रुग्णाचा. आपल्याकडे एमबीबीएसच्या परीक्षेतही विद्यार्थ्याला 'केस' मिळते ती खऱ्या माणसाची. हर्नियाचा किंवा लकव्याचा रुग्ण त्या दिवशी परीक्षेचा जिवंत पेपर असतो. तो तासन्‌तास बसतो तेव्हा परीक्षा पार पडते.

गैरसमज : शिकवायला दुर्मिळ आजार लागतो, साध्या माणसाचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : निरोगी छाती कशी ऐकू येते हे कळले नाही, तर बिघडलेली कशी ओळखणार? 2019 पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी 'रुग्ण असणे म्हणजे काय' हा विषय शिकवतात आणि देहदानातून किंवा बेवारस आलेल्या शवाला पहिला शिक्षक मानायला सांगतात. पुढे कुटुंब दत्तक योजना आली. त्यात विद्यार्थी गावातली काही कुटुंबे घेतो आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या संपर्कात राहतो. कोणाचे रक्त कमी, कोणाचा रक्तदाब वाढलेला, पाणी कुठून येते, शौचालय वापरात आहे का, हे तो ओसरीवर बसून शिकतो. म्हणजे आजारी नसलेले घरही शिकवते.

गैरसमज : यात रुग्णाला काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती : त्रास होतो, हे खरे. दुखणारे पोट पाचव्यांदा दाबले तर माणूस वैतागणारच. अशा वेळी थांबवणे हे शिक्षकाचे काम आहे. पण राऊंडवरच्या मोठ्या डॉक्टरकडे एका खाटेसाठी मोजकी मिनिटे असतात, आणि विद्यार्थी अर्धा तास बसतो. बाहेरून घेतलेली जुनी गोळी, गावातल्या डॉक्टरने दिलेले इंजेक्शन, घरात कुणाला झालेला क्षय, ही माहिती त्या अर्ध्या तासात निघू शकते. शिवाय सर रुग्णाशेजारीच उभे राहून समजावून सांगतात, तेव्हा रुग्णालाही आपला आजार नीट कळतो.

तर पुढच्या वेळी खाटेशी ॲप्रनवाली पोरे आली, तर चार गोष्टी बघा. त्यांनी नाव आणि वर्ष सांगितले का? परवानगी विचारली का? पडदा ओढला का? तुम्ही थकल्यावर थांबले का? चारही उत्तरे 'हो' असतील तर हात पुढे करा आणि हवे तेवढे शिकवा. एखादे 'नाही' असेल तर तसे सांगा. तेही शिक्षणच आहे. हीच पोरे चार-सहा वर्षांनी लोह्याच्या, औशाच्या, किनवटच्या दवाखान्यात बसतील. परवानगी मागायची सवय त्यांना आजच लागली, तर उद्या तिथे तुमच्या नातवालाही विचारूनच तपासतील.