बांधकामाच्या कोठाराची नवी वही

लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने घर बांधून पाहिले आहे, त्याला विचारा. भिंतींपेक्षा तो सामानाच्याच गोष्टी अधिक सांगेल. सिमेंट किती आलं, सळई किती उरली, वाळू गेली कुठे! या प्रश्नांची उत्तरे आजवर कोठारातली जाडजूड वही देत आली. आता पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी मोबाईल आणि संगणक येत आहेत. ही नवी वही काय करते आणि काय करीत नाही, ते थोडक्यात पाहू.

मालाची गाडी फाटकाशी आली, की भांडारपाल माल मोजून चलनाशी ताडतो आणि आकडा मोबाईलमध्ये भरतो. प्रत्येक थप्पीला क्यूआर खुणेची चिठ्ठी लावतात. आज आपण ही खूण भाजीवाल्याला पैसे देताना वापरतो. पण १९९४ साली जपानात ती निघाली, ती मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. माल बाहेर काढताना खूण टिपली, की शिल्लक तिथल्या तिथे कमी होते. साइटवरचा इंजिनिअर आणि शहरातली कचेरी, दोघांनाही एकच आकडा दिसतो.

तुम्ही म्हणाल, हे तर वहीतही होतं! होतं खरं, पण सिमेंटचं उदाहरण घ्या. सिमेंट हवेतला ओलावा शोषते आणि पडून राहिले की त्याची ताकद घटते. म्हणून तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये, असा दंडक आहे. गोणीवर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. पण मजुराच्या हाताला लागते ती दाराजवळची, म्हणजे बहुधा नवी गोणी. जुनी मागे भिंतीशी पडून राहते. वही सांगते, शिल्लक २०० गोण्या. त्यांतल्या किती जुन्या, हे कळायला मागची पाने चाळावी लागतात, आणि कामाच्या धांदलीत ती कोण चाळतो? नव्या नोंदीत तारीख भरलेली असेल, तर कोणती थप्पी आधी काढायची ते यंत्र आपण होऊन सांगते. ज्या स्लॅबखाली पुढे मुलंबाळं झोपायची, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

आता दुसरी बाजू. यंत्राला आपण जे सांगू, तेच ते लक्षात ठेवते. १२ मिलिमीटर जाडीची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरते. १२ मीटर लांबीच्या १०० सळया घेतल्या, तर हिशेबाने वजन साधारण १,०६६ किलो व्हावे. पण या जाडीच्या सळईच्या वजनात ५ टक्के कमीजास्त भारतीय मानकालाच मान्य आहे. म्हणजे ५३ किलोंचा फरक चोरीवाचूनही पडू शकतो. माल वजनावर घेतला आणि नगावर दिला, की हिशेब कधीच जुळायचा नाही.

वाळूचे तसेच. किंचित ओली वाळू फुगते, कधी कधी चौथाईपर्यंत. तेव्हा गाडीत भरलेली ओलसर १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू, सुकल्यावर ८० घनफूटही भरेल. उरलेली २० कुठे गेली? कुठेच नाही! पण कागदावर तूट दिसते, आणि आळ येतो तो रात्रीच्या पहारेकऱ्यावर. आकडा संगणकातून आला म्हणजे तो खराच, असे समजणारा मालक असेल, तर त्या गरिबाची नोकरीच जायची.

म्हणून ही नवी वही घेताना चार गोष्टी सांभाळा. सळईचे वजन आणि नग दोन्ही लिहा. वाळू शक्यतो वजनावर घ्या आणि ओलावा नोंदवा. पहिले दोन महिने जुनी वहीही चालू ठेवा. आणि दर आठवड्याला एकदा कोठारात शिरून प्रत्यक्ष मोजदाद करा, तीही भांडारपालाच्या समक्ष. तफावत दिसली, तर आधी माप तपासा. माणसाची झडती त्यानंतर.