हिशेब आणि उमेदवारी

जनतेच्या पैशाचा हिशेब राज्यकर्त्यांनी कोणास द्यावा? आपल्याकडे महालेखापरीक्षक तो तपासतात व त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. परंतु ते न्यायाधीश नव्हेत. ब्राझील देशात मात्र 1890 च्या हुकुमान्वये निर्माण झालेले लेखा-न्यायालय आहे. त्याचे 9 सदस्य सरकारी पैसा हाताळणाऱ्यांच्या हिशेबांवर निवाडा देतात, नुकसान भरून घेतात व दंडही करतात. राष्ट्राध्यक्षांच्या हिशेबावर मात्र ते केवळ अभिप्राय देतात. निर्णय संसदेचा असतो.

ज्यांचे हिशेब नामंजूर झाले, त्यांची यादी निवडणुकीपूर्वी निवडणूक-न्यायालयाकडे जाते. दोष हेतुपुरस्सर व दुरुस्त न होण्याजोगा ठरल्यास उमेदवारीस बंदी येते. 10 लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागितलेल्या 2010 च्या कायद्याने या बंदीची मुदत 5 वर्षांवरून 8 वर्षे झाली.

तथापि यादीत नाव येणे म्हणजे शिक्षा नव्हे. हिशेब एका न्यायालयाने तपासावा आणि उमेदवारीचा निर्णय दुसऱ्याने करावा, अशी ही योजना आहे. त्यामुळे हिशेबाचे निमित्त करून प्रतिस्पर्ध्यास दूर सारणे सोपे राहत नाही, आणि पैसा बुडविणाऱ्यास पुन्हा मते मागणेही सोपे राहत नाही.