डोक्यावरची शॉक वेव्ह आणि सुपरकॉम्प्युटर

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला साधारण 90 हजार किलोमीटरवर एक शॉक वेव्ह कायम उभी आहे, ठाऊक होतं? सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने येणारा सौर वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला भिडतो, तिथे ती तयार होते. गंमत म्हणजे तिथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, इतका विरळ, की कण एकमेकांवर आदळतच नाहीत. वाऱ्याला ब्रेक लावतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं!

🖥️ संगणकावर या शॉक वेव्हचं सिम्युलेशन कसं करतात? कोट्यवधी कण घ्यायचे, जागेची जाळी आखायची. जाळीवर क्षेत्रं काढायची, त्यानुसार कण सरकवायचे, पुन्हा क्षेत्रं काढायची. असे हजारो फेरे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड, त्यामुळे दोघांच्या हालचाली एकत्र टिपताना सुपरकॉम्प्युटरलाही घाम फुटतो. म्हणून पुष्कळदा हे प्रमाण मुद्दाम 100 च्या आसपास धरतात.

🛰️ नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था अवकाशातल्या प्लाझ्मा लहरींची सिम्युलेशन करते. सौर वाऱ्याची मोजमापं आपलं आदित्य-एल1 यान करतंय, जानेवारी 2024 पासून, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून.

बीएस्सी, इंजिनीअरिंगवाल्या पोरापोरींनो, एकाच मितीतलं छोटं सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवरही चालतं. करून बघाच!