घातक कचरा कोणता म्हणावा?

बुलढाणा जिल्ह्यात कारखानदारी ती कितीशी, असे कोणी म्हणेल. आणि मुंबई-ठाण्याच्या मानाने ते खोटेही नाही. तथापि खामगाव व मलकापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत, जिनिंग-प्रेसिंग आहे, आणि तालुक्याच्या गावोगावी मोटारदुरुस्ती चालते. या सर्वांतून कचरा निघतो. त्यातला घातक कोणता आणि वहीत मांडावयाचा कोणता, हे ठरवावे कसे, एवढाच आजचा विषय आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरीचे मोल काय, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. जमिनीत मुरलेले विष विहिरीत उतरले, तर ते परत काढता येत नाही. विषय रुक्ष खरा, पण क्षुल्लक नव्हे.

भोपाळची दुर्घटना १९८४ ची. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्यांत कचऱ्याचे १८ वर्ग होते. आज २०१६ चे नियम चालू आहेत. त्यांचे मर्म तीन प्रश्नांत सांगता येते.

पहिला प्रश्न कुळाचा: हा कचरा कोणत्या प्रक्रियेतून निघाला? नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रक्रियांची यादी आहे. यंत्रातले वापरलेले ऑइल, रसायनांची रिकामी पिंपे, सांडपाणी शुद्ध करताना उरलेला रासायनिक गाळ, ही नावे त्यात येतात. यादीत नाव आले की कचरा घातक धरावयाचा. मालकास तसे वाटत नसेल, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर.

दुसरा प्रश्न अंशाचा: यात काय आणि किती आहे? कचरा सौम्य आम्लात सुमारे १८ तास घुसळतात आणि पाण्यात काय उतरले ते मोजतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे किंवा ०.२ मिलिग्रॅम पारा उतरला, की मर्यादा गाठली.

तिसरा प्रश्न गुणाचा: तो पेटतो का, भाजतो का, स्फोट पावतो का, विषारी आहे का? ज्याचा सामू २ किंवा त्याहून कमी, अथवा १२.५ किंवा त्याहून अधिक, तो द्रव दाहक. आपल्या लोणार सरोवराचे पाणी इतके खारे-अल्कधर्मी, तरी त्याचा सामू दहाच्या आसपासच. सामूची एक पायरी म्हणजे दहापट, तेव्हा १२.५ चा द्रव किती जहाल, याची कल्पना यावी.

आता एखादे जिनिंग घ्या. आवारात सरकीची साल आणि धूळ यांचा डोंगर, आणि कोपऱ्यात अर्धे पिंप काळे ऑइल. डोळ्यांना डोंगर खुपतो. नियमाला अर्धे पिंप. कचरा आकाराने ओळखावयाचा नाही, ही यातली पहिली शिकवण.

नाव ठरले की पुढचे काम हिशेबाचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावयाचे. किती निघाला, किती साठला, कोणाकडे गेला याची नोंद ठेवावयाची. साधारणतः ९० दिवसांहून अधिक साठा करावयाचा नाही. आणि गत वर्षाचे विवरण ३० जूनपर्यंत पाठवावयाचे. विदर्भातल्या अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी नागपूरजवळ बुटीबोरी येथे सामाईक केंद्र आहे. माल निघाला की सोबत रवानगीचे पत्र जाते आणि पोहोच परत येते.

येथे शंका निघेल: ठरविणार कारखानदारच, मग तो खरे कशास सांगेल? शंका रास्त आहे. पण भट्टीत काय घातले, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? म्हणून पहिली जबाबदारी त्याची, आणि पडताळा मंडळाचा. वर्षात दहा पिंपे ऑइल विकत घेतले आणि बाहेर गेल्याची नोंद एकही नसेल, तर वहीच त्याला प्रश्न विचारते.

तोच प्रश्न आपणही विचारू शकतो. आठवड्याच्या बाजारात स्वस्त मिळणारे निळे पिंप पाणी भरण्यासाठी घरी आणतो, तेव्हा त्यात आधी काय होते? नोंद झाली असती, तर ते पिंप बाजारात आलेच नसते. उत्तर मिळेपर्यंत त्यात पाणी भरू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो.