जपानी भूतकथा : कानांतून डोळ्यांत

भुतें खरोखर असतात कीं नाहीं, हा वाद आज मला घालावयाचा नाहीं. ज्यांना तो आवडतो त्यांनीं तो खुशाल चालवावा. माझा प्रश्न निराळा आणि अधिक साधा आहे. काळोख्या रात्रीं, मिणमिणत्या दिव्याजवळ, हलक्या आवाजांत सांगण्यासाठीं जी गोष्ट जन्मली, तिला कोणी चित्रांच्या चौकटींत बसवून छापली, तर तिचें काय होतें? ती मरते, बिघडते, कीं नवा देह धारण करून पुन्हां चालूं लागते? हा प्रश्न आतां आपल्या घरापर्यंत आला आहे. जपानी चित्रकथांचीं पुस्तकें, ज्यांना तिकडे 'मांगा' म्हणतात, आपल्याकडील मुलांच्या हातीं दिसूं लागलीं आहेत. आणि त्यांतील भुताखेतांचीं चित्रें पाहून पुष्कळ आईबापांच्या पोटांत गोळा उठतो. पुस्तक हिसकावून घ्यावें कीं वाचूं द्यावें, हें ठरविण्यापूर्वीं तीं भुतें आलीं कोठून, एवढें तरी समजून घेणें बरें.

जपानी लोक या अदृश्य सृष्टीचे ढोबळ मानानें दोन भाग पाडतात. एक 'योकाई', म्हणजे नदींत, डोंगरांत, पडक्या घरांत, फार काय जुन्या मोडक्या छत्रींतसुद्धां वास करणारे चमत्कारिक जीव. दुसरा 'यूरेइ', म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा. योकाईला ठिकाण लागतें, यूरेइला कारण लागतें, असें म्हटलें तरी चालेल. ज्याचा घात झाला, ज्याचे अंत्यविधि नीट झाले नाहींत, अथवा ज्याची माया मागें गुंतून राहिली, तो यूरेइ होऊन परततो. उन्हाळ्यांत 'ओबोन' नांवाचा सण येतो, तेव्हां पितर घरीं येतात अशी तेथील श्रद्धा आहे. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असाच तो प्रकार. म्हणून भुतांचीं नाटकेंही तेथें उन्हाळ्यांत रंगत. अंगावर कांटा आला म्हणजे उकाडा कमी वाटतो, असें लोक थट्टेनें म्हणत.

एदो, म्हणजे आजचें तोक्यो, येथें सतराव्या शतकापासून एक खेळ फार लोकप्रिय झाला होता. रात्रीं मंडळी एकत्र जमत. निळ्या कागदानें मढविलेल्या दिव्यांत शंभर वाती लावीत. एकेकानें एकेक भयकथा सांगावी आणि गोष्ट संपतांच एक वात मालवावी. खोलींत अंधार वाढत जाई. शंभरावी वात विझली कीं खरोखरच कांहींतरी प्रकट होतें, अशी समजूत असल्यामुळें पुष्कळ मंडळी नव्याण्णवाव्या गोष्टीवरच थांबत. हा नव्याण्णवाचा आंकडा ध्यानांत असूं द्या. तो पुढें पुन्हां येणार आहे.

चित्रांचा प्रवेशही फार उशिरा झाला असें नाहीं. इ. स. १७७६ सालीं उएदा आकिनारी या लेखकाचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा नऊ अद्भुत कथांचा संग्रह छापला गेला. आणि त्याच वर्षीं तोरियामा सेकिएन या चित्रकारानें योकाईंची चित्रमालिका पुस्तकरूपानें काढली. जीं भुतें तोंवर ज्याच्या त्याच्या मनांत निरनिराळीं होतीं, त्यांना यापुढें ठरलेला चेहरा मिळाला. पांढरें वस्त्र, मोकळे केंस आणि कमरेखालीं धूसर होत गेलेला, पावलें नसलेला देह, ही यूरेइची मूर्तिही याच सुमारास चित्रकारांनीं पक्की केली.

यांतील सर्वांत प्रसिद्ध भूत ओइवा या स्त्रीचें. त्सुरुया नानबोकु या नाटककाराचें तिच्यावरील नाटक १८२५ सालीं प्रथम रंगभूमीवर आलें. इएमोन हा धन्यावांचून उरलेला सामुराई छत्र्या तयार करून कसेंबसें पोट भरतो. शेजारच्या श्रीमंत घरांतील मुलीचें मन त्याच्यावर जडतें. त्याची बायको ओइवा नुकतीच बाळंत झालेली असते. तिला औषध म्हणून त्या घरून विष येतें. तिचा चेहरा विद्रूप होतो, केंस विंचरूं लागतांच ते झुबक्यानें हातांत येतात, आणि अखेर ती प्राणास मुकते. मग नवऱ्याला जेथें तेथें तिचाच चेहरा दिसूं लागतो, कागदी कंदिलांतूनसुद्धां. होकुसाई या थोर चित्रकारानें पुढें थोड्याच वर्षांत तो कंदील आपल्या ठशाच्या चित्रांत अमर केला. जिची दाद जिवंतपणीं कोणीं घेतली नसती, तिची दाद प्रेक्षकांनीं घेतली, हें या नाटकाचें मर्म आहे. आजही हें नाटक करण्यापूर्वीं नटमंडळी योत्सुया येथील ओइवाच्या देवस्थानीं जाऊन मस्तक नमवितात.

दुसरी कथा कानाची आहे. सान्युतेइ एन्चो (१८३९–१९००) हा कथेकरी मृत प्रेयसीची कथा सांगत असे. रात्रीं ती फुलांच्या कंदिलाच्या उजेडांत प्रियकराकडे येते, आणि तिच्या लांकडी खडावांचा 'कारान्, कोरोन्' असा आवाज दुरून ऐकूं येतो. भुताला पावलें नसतात हें सांगणाऱ्या देशांतच हें भूत पावलांच्या आवाजानें ओळखलें जातें! एन्चोचें हें कथन लघुलेखकांनीं टिपून घेतलें आणि १८८४ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. बोललेलें भाषण शब्दशः टिपून मागाहून छापावें, ही चाल आपणां रेडिओच्या श्रोत्यांना परिचयाची आहे. जपानांत तिनें लिखित गद्याला बोलीजवळ आणण्यास मोठा हातभार लावला.

पाश्चात्त्यांना या कथा कळल्या त्या मुख्यतः लाफ्कादिओ हर्न याच्यामुळें. ग्रीक बेटावर जन्मलेला हा लेखक १८९० सालीं जपानांत आला, तेथेंच त्यानें संसार थाटला आणि पत्नी सेत्सु हिच्या तोंडून ऐकलेल्या कित्येक कथा इंग्रजींत लिहिल्या. त्याचें 'क्वाइदान' हें पुस्तक १९०४ सालचें. परंतु आजच्या विषयाला जी कथा अधिक लागू पडते, ती त्यानें त्याच्या दहा वर्षें आधींच्या पुस्तकांत थोडक्यांत सांगितली आहे.

जपानांत ती अनेक गांवीं थोड्याफार फरकानें सांगतात. एक फिकट चेहऱ्याची बाई रोज रात्रीं दुकानांत येते आणि एका नाण्याची गोड चिकी घेऊन जाते. सहा रात्री असें चालतें. सातव्या रात्रीं तिच्याजवळ नाणें नसतें. दुकानदार तिच्या मागोमाग जातो, तों ती स्मशानांतील एका थडग्यापाशीं नाहींशी होते आणि आंतून तान्ह्या मुलाचें रडणें ऐकूं येतें. थडगें उघडून पाहतात, तों मेलेल्या आईजवळ जिवंत बाळ! मेलेल्या माणसाबरोबर सहा नाणीं ठेवण्याची तेथें रीति होती. आपल्या वैतरणीसारखी जी परलोकाची नदी, तिच्या उताराचें तें भाडें. त्या आईनें स्वतःच्या उताराचे पैसे मुलाच्या तोंडीं घातले.

आतां हीच कथा चित्रांत कशी शिरली तें पाहा. १९३० नंतरच्या दशकांत 'कामिशिबाइ', म्हणजे कागदी नाटक, हा धंदा जपानांत फार चालत होता. सायकलवर लांकडी चौकट बांधून एक मनुष्य गल्लींत येई, मुलांना गोळ्या विकी, आणि चौकटींतील चित्रें एकामागून एक सरकवीत गोष्ट सांगे. थडग्यांत जन्मलेल्या मुलाच्या वरील कथेवरून 'स्मशानांतला कितारो' नांवाचा एक खेळ तेव्हां निघाला होता. १९५० नंतर तो विषय मिझुकी शिगेरु (१९२२–२०१५) या चित्रकाराच्या हातीं आला. याला लहानपणीं साकाइमिनातो गांवीं शेजारच्या एका म्हातारीनें योकाईंच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आणि दुसऱ्या महायुद्धांत राबाउलच्या बाजूस त्याचा डावा हात तुटला. एका हातानें तो पुढें आयुष्यभर चित्रें काढीत राहिला. दूरचित्रवाणी आल्यावर कागदी नाटकें बसलीं, तेव्हां त्यानें भाड्यानें वाचावयास मिळणाऱ्या पुस्तकांसाठीं १९६० सालीं कितारोची चित्रकथा सुरू केली. १९६५ पासून ती मुलांच्या एका मोठ्या साप्ताहिकांत येऊं लागली, आणि १९६८ सालीं दूरचित्रवाणीवर गेली. 'स्मशान' हा शब्द जाहिरातदारांना अशुभ वाटल्यामुळें तेवढें नांव मात्र बदलावें लागलें.

मिझुकीच्या कथेंत कितारो थडग्यांतून स्वतः रांगत बाहेर येतो. त्याच्या बापाचें शरीर सडून जातें. परंतु मुलाला कोण पाहील या काळजीनें एक डोळा तेवढा जिवंत राहतो, आणि पुढें सर्व कथांत तो इवलासा डोळाच मुलाला सल्ला देत फिरतो. चित्र प्रथम पाहणाऱ्याला किळस येते. पण जुन्या कथेंतील आईची माया येथें बापाच्या डोळ्यांत उतरली आहे, हें ज्याला दिसलें त्याची किळस गळून पडते. कितारोच्या पायांतही लांकडी खडावाच आहेत. एन्चोच्या तोंडचा 'कारान्, कोरोन्' चित्रकथेंत अक्षरांच्याच रूपानें काढलेला असतो. म्हणजे तेथें आवाजही डोळ्यांनीं ऐकावयाचा.

चित्रकथेचें सामर्थ्य कशांत आहे, हें यावरून कळेल. कथेकऱ्याजवळ विराम असतो. चित्रकाराजवळ पान उलटणें असतें. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. पानाच्या शेवटच्या चौकटींत मुलगी दाराची कडी काढते, आणि दारापलीकडे काय आहे तें पान उलटल्यावांचून दिसत नाहीं. तें उलटणारा हात वाचकाचा स्वतःचाच असल्यामुळें भीतींत त्याचा वाटा आपोआप पडतो.

उमेझु काझुओ (१९३६–२०२४) यानें हें तंत्र मुलामुलींच्या नियतकालिकांत कमालीचें वाढविलें. लहानपणीं बापाच्या तोंडून ऐकलेल्या सर्पस्त्रीच्या दंतकथेवरून त्यानें १९६५ च्या सुमारास ज्या चित्रकथा रचल्या, त्यांत मुलीच्या आईची जागा एक सर्पस्त्री घेते. चिकी घेणारी आई मरूनही आईच राहिली. येथें जिवंत दिसणारी आई आई उरली नाहीं. मुलांना यांतील कोणती भीति अधिक खोल जाईल, हें आईबापांना सांगावयास नको.

याच उमेझुच्या नांवाच्या स्पर्धेंतून, स्वतः उमेझु परीक्षक असतांना, १९८७ सालीं इतो जुन्जि पुढें आला. तो तेव्हां दंतवैद्यकांतील कृत्रिम दांत घडविण्याचें काम करी. त्याच्या पहिल्या कथेंतील तोमिए ही मुलगी मारली जाते आणि पुन्हां पुन्हां परत येते. परंतु ओइवेप्रमाणें तिला न्याय हवा आहे असें दिसत नाहीं. ही कथा प्रौढांसाठीं आहे, लहानांच्या हातीं देण्याजोगी नाहीं. याच इतोनें पुढें लोकांकडून ऐकून जमविलेल्या आधुनिक भूतकथांच्या एका संग्रहावरून चित्रकथा केल्या. त्या संग्रहाचें नांव एदो काळांतील नेगिशि यासुमोरि या न्यायाधिकाऱ्याच्या टिपणवहीवरून घेतलें आहे, व तिचा अर्थ 'कानाची पिशवी' असा होतो. त्याच्या प्रत्येक खंडांत गोष्टी आहेत नव्याण्णव. सुगिउरा हिनाको (१९५८–२००५) या लेखिकेनें एदो काळांतील भूतकथांवर जी शांत, जवळजवळ निःशब्द चित्रमाला काढली, तीही नव्याण्णवावरच थांबते. दिवे गेले, वाती गेल्या. जुना संकेत मात्र टिकला.

आतां पुस्तक हिसकावून घेण्याचा प्रश्न. मुलाला भीति वाटली एवढ्यावरून पुस्तक वाईट ठरत नाहीं. त्याला विचारावें, 'हें भूत कां आलें?' उत्तर देतां आलें, एखाद्या बाईवर अन्याय झाला म्हणून, एखाद्या आईचें मूल उपाशी होतें म्हणून, तर ती भीति करुणेच्या सेवेस लागली असें समजावें. उत्तरच नसेल आणि पानोपान नुसतें रक्त असेल, तर तें पुस्तक कांहीं वर्षें फळीवर ठेवणें शहाणपणाचें.

आणखी एक गोष्ट. शंभर वातींच्या बैठकींत भिणाऱ्याच्या शेजारीं कोणी तरी बसलेलें असे. कागदी नाटकाच्या भोंवतीं गल्लींतील सारीं मुलें असत. चित्रकथा मात्र मूल एकटें वाचतें. या प्रवासांत जें खरोखर हरवलें तें हेंच. तें परत देणें आपल्या हातीं आहे. पुस्तक बंद करावयास सांगण्याऐवजीं घटकाभर शेजारीं बसावें, आणि पुढचें पान त्याच्या बरोबरीनें उलटावें.