परिचारिकांची शाळा कशी पारखावी?

बारावीचा निकाल लागला म्हणजे कोल्हापुरांतील कित्येक घरांत मुलीला नर्सिंगला घालावें काय, हा विचार सुरू होतो. मग माहितीपत्रकें गोळा होतात. प्रशस्त इमारत, शाळेची बस आणि पांढऱ्या पोषाखांतील मुली हीं चित्रें त्यांत असतातच. परंतु ज्या वस्तूवर सारें शिक्षण अवलंबून, ती त्यांत बहुधा नसते. ती वस्तू म्हणजे रुग्णाची खाट.

परिचर्येचें शिक्षण वाढलें तेंच मुळीं रुग्णालयांत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० सालीं निघाली, ती लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत. जवळचें उदाहरण मिरजेचें. तेथें १८९४ मध्यें डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं रुग्णालय काढलें आणि त्याच्याच आश्रयानें परिचारिका तयार होऊं लागल्या. आधीं रोगी, मग शाळा, असा हा क्रम होता.

आज मुख्य अभ्यासक्रम तीन आहेत. ए. एन. एम. दोन वर्षांचा असून त्याचा रोख गांवोगांवच्या आरोग्यसेवेकडे असतो. जी. एन. एम. ही तीन वर्षांची पदविका, आणि बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. यांपैकीं कोणताही निवडला, तरी पालकांनीं चार प्रश्न विचारल्यावांचून शुल्क भरूं नये.

पहिला प्रश्न मान्यतेचा. १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. तिच्या जागीं राष्ट्रीय आयोग यावा असा कायदा २०२३ सालीं संमत झाला. राज्यांत नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. ती होईल काय, हें लेखी पाहावें. चार-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानें कोणी नोंदणीकृत परिचारिका होत नाहीं.

दुसरा प्रश्न खाटांचा. परिषदेच्या निकषांत शाळेमागें शंभर खाटांचें रुग्णालय आणि दर विद्यार्थिनीमागें तीन रुग्ण, असें प्रमाण सांगितलें आहे. शंभरांपैकीं पंचाहत्तर खाटा भरलेल्या असतील, तर एका वेळीं पंचवीस जणींना काम मिळेल. चाळीस जणी आल्या, तर उरलेल्या पंधरा जणी शिकणार कोठें? त्यांना छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणीं पाठविणार असतील, तर तसा करार आहे काय, हें विचारावें.

तिसरा प्रश्न शिक्षकांचा. दहा विद्यार्थिनींमागें एक शिक्षक असावा, आणि तो वॉर्डांतही त्यांच्यासोबत उभा राहणारा असावा. चौथा प्रश्न मागील वर्षांच्या विद्यार्थिनींना विचारावयाचा: रात्रपाळी, प्रसूतिगृह आणि लहान मुलांचा विभाग खरोखर पाहावयास मिळाला, कीं केवळ वहींत नोंद झाली?

हे प्रश्न केवळ पैशांच्या हिशेबाचे नव्हेत. वहींतल्या नोंदीवर उत्तीर्ण झालेली मुलगी एके दिवशीं रात्रीं दोन वाजतां वॉर्डांत एकटी असेल. रोग्याचा श्वास बदलला, हें प्रथम तिच्याच ध्यानांत यावयाचें. तें आलें नाहीं, तर इमारत कितीही सुंदर असो, त्या रोग्याला तिचा उपयोग नाहीं. आणि तो रोगी आपल्यांपैकींच कोणाच्या तरी घरचा असणार.